६१२ आणि एक प्रश्नचिन्ह

"सर, मी सेव्ह केलंय. तीनदा केलंय. पण ते घेतच नाहीये!"

आमच्या टीममधली एक मुलगी परवा वैतागून म्हणाली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेत तिला. काम साधं होतं: रोज रात्री आपोआप चालणाऱ्या एका स्क्रिप्टची वेळ बदलायची. तिने तिच्या उबुंटू लॅपटॉपवर 'क्रॉनटॅब -ई' टाइप केलं, तिच्या आवडत्या व्हीएस कोडमध्ये फाइल उघडली, वेळ बदलली, सेव्ह केली. आणि टर्मिनलवर बघते तर काय, क्रॉनटॅब म्हणतोय की काहीच बदल झालेला नाही. आता बोला!

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. दोन मिनिटांत उलगडा झाला. पण ते सांगण्याआधी २००५ सालची एक रात्र सांगायला हवी. कारण तिचा वैतागलेला चेहरा बघून मला ती रात्र आठवली, आणि आज शनिवार आहे, चहा गरम आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा सांगूनच टाकतो.

ज्यांचा या भानगडींशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर 'क्रॉन' नावाचा एक गडी असतो. त्याचं काम एकच, घड्याळाकडे बघत बसायचं आणि ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करायचं. त्याला द्यायची यादी म्हणजे क्रॉनटॅब. एका ओळीत एक काम. आधी पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथे 'कुठलाही चालेल' तिथे तारा. त्यापुढे कामाची आज्ञा. 'क्रॉनटॅब -ई' म्हटलं की ही यादी बदलायला एडिटरमध्ये उघडते. कुठल्या एडिटरमध्ये? इथेच सगळी मेख आहे.

तर २००५. मी तेवीस वर्षांचा, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेत आमचं सॉफ्टवेअर चालायचं. बँकेचा एक मोठा सोलारिस सर्व्हर होता. नव्या शाखा जोडल्यामुळे डे-एंडला उशीर व्हायला लागला होता, आणि रात्री अकराला निघणारा सगळ्या शाखांचा रिपोर्ट अर्धवट निघत होता. उपाय सोपा: अकराचं काम रात्री एकला ढकलायचं. माझा सिनियर म्हणाला, "क्रॉनटॅब मायनस ई, तेवीसचा एक कर, सेव्ह कर, एसटी पकड. दोन मिनिटांचं काम आहे."

शुक्रवारी रात्री पावणेदहाला मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात एका विंडोज पीसीसमोर बसलो होतो. विभागात माझ्याशिवाय एकच माणूस. तिथले मुख्य, पन्नाशीचे, सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचे. ते कोपऱ्यात कसलीशी छपाई तपासत होते. मी टेलनेटने सर्व्हरवर शिरलो, ज्या खात्याखाली ही कामं चालायची त्या खात्यात गेलो आणि ऐटीत 'क्रॉनटॅब -ई' मारलं.

स्क्रीनवर एक आकडा आला.

६१२

बस्स. खाली कर्सर लुकलुकतोय. ना फाइल, ना मेनू, ना काही.

मी खालचा बाण दाबला. टोपी, चौकोनी कंस आणि अक्षरांची रांगोळी उमटली. एंटर दाबलं. उत्तर आलं:

?

मला व्हीआय येत होता, निदान कामापुरता. म्हटलं आपण व्हीआयमध्येच आहोत, स्क्रीन बिघडलीय. एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू. उत्तर: ? मग आय दाबून एंटर. आता प्रश्नचिन्हही येईना. काहीही टाइप करा, चिडीचूप. मी 'हेल्प' लिहिलं. शांतता. 'क्विट' लिहिलं. शांतता. ही शांतता त्या प्रश्नचिन्हापेक्षा भयंकर होती राव. शेवटी टेलनेटची खिडकीच बंद केली आणि पुन्हा लॉगिन केलं. पुन्हा तेच. ६१२. पुन्हा खिडकी बंद. सिनियरला फोन लावला तर तो आउट ऑफ रेंज.

आता माझं डोकं चालायला लागलं, आणि घाबरलेलं डोकं चालायला लागलं की काय होतं ते बघा. मी विचार केला, या 'मायनस ई'मुळेच तो विचित्र प्रोग्राम उघडतोय. तर 'मायनस ई' काढून बघू, निदान कमांड कशी वापरायची ते तरी सांगेल. नुसतं 'क्रॉनटॅब' मारलं. पुन्हा मुका कर्सर. मग आठवलं, युनिक्समध्ये कुठेही अडकलं की कंट्रोल-डी मारतात. मारलं.

प्रॉम्प्ट परत आला. हुश्श!

म्हटलं आता यादी एकदा बघून तरी घेऊ. 'क्रॉनटॅब -एल'.

काही नाही. रिकामं.

पुन्हा मारलं. रिकामं.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. नुसत्या 'क्रॉनटॅब'चा अर्थ असतो 'मी आता कीबोर्डवरून नवी यादी देतो, ती घे'. आणि कंट्रोल-डीचा अर्थ 'झालं माझं, यादी संपली'. मी त्या सर्व्हरला अत्यंत स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं की नवी यादी कोरी आहे. त्याने ती निमूटपणे घेतली. गंमत म्हणजे सोलारिसच्या मॅन पेजवर नेमका हाच इशारा दिलेला आहे: चुकून नुसतं क्रॉनटॅब मारलंत तर कंट्रोल-डीने बाहेर पडू नका, सगळ्या नोंदी जातील, कंट्रोल-सी वापरा. पण मॅन पेज आपण कधी वाचतो? सगळं झाल्यावर.

दहा वाजायला पाच मिनिटं. अकराला रिपोर्ट, साडेअकराला टेपवर बॅकअप, पहाटे शाखांच्या फाइली. यातलं काहीच होणार नव्हतं. सकाळी शाखा उघडल्या असत्या आणि कुणाकडेच कालची शिल्लक नसती.

"काय झालं ओ?" साहेबांनी कोपऱ्यातून विचारलं. माझ्या चेहऱ्यावर दिसतच असणार.

मी सांगितलं. खरं खरं सांगितलं, कारण खोटं सुचण्याइतकंही भान नव्हतं. वाटलं आता ओरडतील, आमच्या डायरेक्टरला फोन लावतील. म्हटलं, कालच्या टेपवरून काढता येईल का? तर टेप नियमाप्रमाणे संध्याकाळीच दुसऱ्या इमारतीत गेली होती.

साहेब उठले, कपाट उघडलं आणि एक जाड लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. "सरका जरा," म्हणाले.

रजिस्टरमध्ये क्रॉनटॅब होता. हाताने लिहिलेला, निळ्या शाईत, प्रत्येक ओळ. जिथे बदल झाला तिथे जुन्या ओळीवर एक आडवी रेघ, जुनं वाचता येईल अशी. बाजूला तारीख, कारण आणि सही. साहेब मूळचे खतावण्यांच्या जमान्यातले. बँकेत खोडरबर चालत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकलं तर रेघ मारायची, सही करायची आणि खाली नवीन लिहायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी ती सवय सोडायचं काही कारण नव्हतं.

"पण साहेब, तो प्रोग्राम..." मी म्हटलं.

"कुठला प्रोग्राम? ईडी आहे तो."

(आताच्या वाचकांनी दचकू नये, हा तो ईडी नव्हे. हा कुणाच्या घरी जात नाही. :-) पण समोर आला की माणसाला घाम मात्र तसाच फुटतो.)

ईडी हा केन थॉम्पसनने १९६९ साली लिहिलेला एडिटर. तेव्हा पडदा नव्हता. लोक टेलिटाइपवर काम करायचे, म्हणजे कीबोर्ड लावलेला छापखानाच तो, कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरं छापणारा. अशा यंत्रावर 'माफ करा, आपली आज्ञा समजली नाही' असं छापायला चार सेकंद जातात आणि कागद जातो तो वेगळाच. म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह. फाइल उघडली की ती दाखवत नाही, फक्त आकार सांगतो, इतके बाइट वाचले म्हणून. माझे ६१२ म्हणजे तेच. आणि ती भयाण शांतता? आय मारल्यावर ईडी मजकूर घ्यायला लागतो. माझं 'हेल्प' आणि 'क्विट' तो इमानदारीने फाइलमध्ये भरत होता! थांबवायला ओळीवर एकटा पूर्णविराम द्यावा लागतो. नशीब की मी 'राइट' करण्याइतका शहाणा नव्हतो.

पण मग आमच्या ऑफिसात व्हीआय कसा उघडायचा? तिथे सिनियरने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये 'एडिटर' नावाच्या चलात व्हीआय लिहून ठेवला होता आणि आम्ही सगळे त्याचीच फाइल नकलून वापरायचो. बँकेच्या या खात्यात ती ओळ नव्हती. तेव्हाच्या सोलारिसवर तुम्ही आवड सांगितली नाहीत की ते १९६९ मधली आवड वापरायचं. तेव्हा आम्ही बेधडक म्हणायचो, "क्रॉनटॅब -ई म्हणजे व्हीआय". ते खरं नव्हतंच. ती आमच्या सिनियरची आवड होती, आणि आम्ही तिला निसर्गनियम समजलो होतो.

असो. साहेबांनी 'क्रॉनटॅब -ई' मारलं, ए दाबून एंटर केलं आणि म्हणाले, "मी सांगतो, तू लिही." मघाशी 'ओ' होतं, आता 'तू' झालं. मला बरं वाटलं.

"शून्य, तेवीस, तारा, तारा, एक ते सहा..." बारा ओळी. प्रत्येक ओळ त्यांनी वाचायची, मी टाइप करायची, मी उलट वाचून दाखवायची. शेवटी एकटा पूर्णविराम. मग डब्ल्यू. ईडीने आकडा छापला.

६११

साहेब नुसतं बघत राहिले. माझ्या आधी लक्षात आलं नाही. "मघाशी किती होता?" त्यांनी विचारलं. तो आकडा मी विसरणं शक्यच नव्हतं. ज्या आकड्याला मी अर्धा तास शिव्या घातल्या, तोच आता आमचा ताळा होता. साहेबांच्या रजिस्टरमध्ये रकान्यांत एकच मोकळी जागा सोडायची शिस्त होती, त्यामुळे बाइटचा हिशोब जुळायलाच हवा. एक अक्षर कमी होतं.

एक, स्वल्पविराम, डॉलर, पी. पूर्ण यादी स्क्रीनवर आली. साहेबांनी बोट ठेवून रजिस्टरशी मेळ घातला, जसा रोजकीर्दीचा घालतात तसा. सातव्या ओळीत सापडलं. फाइलच्या मार्गाच्या सुरुवातीची तिरकी रेघ मी खाल्ली होती. ते काम पहाटे चालू झालं असतं, फाइल सापडली नसती आणि गुपचूप मेलं असतं. 'सात सी' मारून ओळ नव्याने लिहिली. पूर्णविराम. डब्ल्यू.

६१२

तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी क्यू मारला आणि बाहेर पडलो. अर्ध्या तासापूर्वी ज्या अक्षरासाठी जीव टांगणीला लागला होता, ते एकच अक्षर होतं. क्यू.

मूळ काम राहिलंच होतं. पुन्हा आत शिरलो, आता जरा आत्मविश्वासाने, आणि तेवीसचा एक करायला लागलो. साहेब म्हणाले, "थांब. आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"उद्या शनिवारचा रिपोर्ट कधी निघेल?"

"रात्री एकला..." आणि मी गप्प झालो. रात्रीचा एक म्हणजे रविवार! वाराच्या रकान्यात 'एक ते सहा' होतं, सोमवार ते शनिवार. नुसता तास बदलला असता तर शनिवारचा रिपोर्ट निघालाच नसता आणि सोमवारी पहाटे एकला सुट्टीच्या दिवसाचा निघाला असता. वारही पुढे सरकवायला हवा होता: 'दोन ते सहा' आणि रविवारचा शून्य. 'दोन मिनिटांचं काम' म्हणणाऱ्या सिनियरच्या हे डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच नाही. एसटीत बसलो असतो तर सोमवारी शिव्या खाल्ल्या असत्या.

ओळ बदलली. सेव्ह करण्याआधी साहेब म्हणाले, "आता आकडा किती यायला पाहिजे?" मी बोटं मोजली. तेवीसचा एक, म्हणजे एक अक्षर कमी. 'एक ते सहा'ची तीन अक्षरं होती, त्यांची 'शून्य, स्वल्पविराम, दोन ते सहा' मिळून पाच झाली, म्हणजे दोन जास्त. "सहाशे तेरा."

डब्ल्यू. ६१३.

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. जुन्या ओळीवर रेघ मीच मारली, नवी ओळ लिहिली, तारीख घातली. 'बदलाचे कारण' या रकान्यात 'डे-एंड उशिरा' लिहिलं. साहेबांनी खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे? सगळं पुसलं गेलं होतं, ते कुठे आलं?"

शरमेने मेल्यासारखं झालं. पण लिहिलं. 'यादी चुकून कोरी झाली, रजिस्टरवरून पुन्हा भरली.' कारण काय? थोडा विचार केला आणि लिहिलं: 'बाहेर पडता आले नाही.' सही केली. साहेबांनी वाचलं, शेजारी स्वतःची सही केली आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. या विषयावर ते नंतर कधीही बोलले नाहीत. ना माझ्याशी, ना आमच्या ऑफिसात.

तर आता परवाची गोष्ट. यंत्रं बदलली, एडिटर बदलले. बिल जॉयने १९७६ मध्ये ज्याच्यावर काम सुरू केलं तो व्हीआय, मग १९९१ मध्ये ब्रॅम मूलेनारचा व्हिम, १९९९ पासूनचा नॅनो. डेबियन आणि उबुंटूवर पहिल्यांदा 'क्रॉनटॅब -ई' मारलं की ते सभ्यपणे विचारतं, यातला कुठला एडिटर हवा? आणि नॅनोपुढे 'सर्वांत सोपा' अशी खूणही असते. नंतर मत बदललं तर 'सिलेक्ट-एडिटर' ही कमांड आहे. आणि तुम्ही 'व्हिज्युअल' किंवा 'एडिटर' या चलांत नाव लिहिलं असेल, तर ते आधी पाहिलं जातं, त्यातही 'व्हिज्युअल'ला मान पहिला. ही दोन वेगळी नावं का? तर एक त्या कागदी टेलिटाइपवरच्या एडिटरसाठी आणि दुसरं पडदाभर दिसणाऱ्या एडिटरसाठी. टेलिटाइप केव्हाच गेले, त्यांचा रकाना राहिला.

त्या मुलीने 'एडिटर'मध्ये व्हीएस कोडचं नाव लिहिलं होतं. चूक नाही, पण अपुरं. क्रॉनटॅब तुम्हाला मूळ यादी कधीच देत नाही. तो एक तात्पुरती नक्कल काढतो, ती एडिटरच्या हातात देतो आणि एडिटर संपायची वाट बघत बसतो. एडिटर संपला की नक्कल बदललीय का ते बघतो. बदलली असेल तरच तपासून मूळ जागी बसवतो. व्हीआय, नॅनो या हिशोबात बसतात. व्हीएस कोडची आज्ञा मात्र खिडकी उघडायला सांगून लगेच परतते. क्रॉनटॅबला वाटतं, गडी आला आणि काही न करता गेला. मग ती तीनदा नव्हे, तीनशे वेळा सेव्ह करू दे, ती सेव्ह करत होती एका बेवारस नकलेत. उपाय एका शब्दाचा: नावापुढे 'वेट' हा पर्याय जोडायचा, म्हणजे खिडकी बंद होईपर्यंत तो थांबतो.

जोडला. चाललं. मग तिने 'सुडो' लावून रूटची यादी उघडली आणि नॅनो उघडला. "आता हे काय सर?" सुडो तुमची बहुतेक चलं दारातच काढून ठेवतं, तुमचा 'एडिटर'सुद्धा. तिथे तुम्ही पुन्हा अनोळखी. आणि क्रॉनचंही तेच. हाताने चालवलेली स्क्रिप्ट मस्त चालते आणि रात्री मरते, कारण रात्री तुमचं प्रोफाइल कुणी वाचत नाही, तुमचे 'पाथ' तिथे नसतात. यंत्रावर आपल्याला 'आपोआप' मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपोआप नसतात. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी फाइलीत एक ओळ लिहिलेली असते. ती ओळ नसेल तर काय होईल हे एकदा शांतपणे, दिवसाउजेडी बघून ठेवावं. रात्री पावणेदहाला नव्हे.

एवढं सांगून मी तिला माझी सवय दाखवली. 'क्रॉनटॅब -ई'ला हात लावायच्या आधी 'क्रॉनटॅब -एल'चं उत्तर एका फाइलीत उतरवून घ्यायचं. बदल त्या फाइलीतच करायचा, आणि मग 'क्रॉनटॅब' पुढे त्या फाइलीचं नाव देऊन ती बसवायची. फाइल गिटमध्ये. मग एडिटर कुठला उघडतो याची फिकीरच नाही. आणि कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी आहेत हे विसरू नये. 'क्रॉनटॅब -आर' म्हणजे सगळी यादी साफ, तीही एक शब्द न विचारता. लिनक्सवर त्याच्या जोडीला 'आय' दिला तर निदान 'नक्की का?' एवढं तरी विचारतो.

तिने फाइल केली, बदल बसवला आणि गिटमध्ये टाकताना थांबली. कमिट मेसेज मागत होतं.

"काय लिहू सर? 'वेळ बदलली' एवढं पुरे?"

"ते लिहीच," म्हटलं, "पण सकाळचा अर्धा तास गेला तो कशात, तेही लिही. पुढच्याला उपयोगी पडेल."

तिने जरा नाखुशीनेच लिहिलं. मी ते वाचलं, पण त्यावर काही बोललो नाही.

असो. चहा गार झाला.